तिन्ही कॅमेऱ्यांतली पिवळी झाक

२ फेब्रुवारी

नवा कॅमेरा घ्यायचा, हे आज नक्की झालं. म्हणजे मी नक्की केलं आणि ह्यांनी रेडिओच्या पोटातून मान वर न काढता "घे की" म्हटलं. नवऱ्याच्या "घे की"चे प्रकार मला आता पाठ आहेत. एक मनापासूनचं असतं, एक कटकट मिटवण्यापुरतं. आजचं कुठलं ते कळलं नाही, त्यामुळे आनंदावर जरा पाणीच पडलं.

जुन्याला नावं ठेवू नयेत, पण उजेड थोडा कमी झाला की त्याच्या फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे येतात, आणि शटर मधूनच रुसून बसतं. मार्चअखेर आमच्या फोटो क्लबचं प्रदर्शन आहे. विषय 'चेहरा'. दर वर्षी मी तिथे जाते, लोकांचे फोटो बघून "वा, वा" करते आणि घरी येऊन ह्यांच्यावर चिडचिड करते. यंदा माझा फोटो भिंतीवर लागलाच पाहिजे.

कॅमेऱ्याच्या दुकानदाराची अल्बमची कव्हरं आमच्याच छापखान्यात छापतात, त्यामुळे तो मला ओळखून आहे. म्हणाला, "मॅडम, तीन मॉडेल आहेत तुमच्या कामाची. शनिवारी एकेक घेऊन जा, सोमवारी आणून द्या. डोळा तुमचा, मी काय सांगणार?" हे ऐकून माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू.

९ फेब्रुवारी

पहिला कॅमेरा घरी आला. तिन्ही डीएसएलआरना मी नावं ठेवली आहेत: थोरला, मधला, धाकटा. हा थोरला. मोठा सेन्सर, वजनाला वीट. मान अवघडली, पण व्ह्यूफाइंडरमधून बघताना खिडकी उघडल्यासारखं वाटतं.

तपासणी म्हणजे तपासणी. छापखान्यात मी खोक्यांचे रंग तपासते, बिस्किटांची, साबणाची, औषधांची. मंजूर नमुना डाव्या हाताला, मशीनवरून आलेला ताजा कागद उजव्या हाताला, वर पांढरा दिवा. लालात केसभर फरक दिसला की मशीन बंद. मशीनवरची माणसं तोंडावर मॅडम म्हणतात आणि पाठीमागे लालबाई, हे मला ठाऊक आहे. तर इथेही तीच शिस्त: खिडकी तीच, खुर्ची तीच, सकाळचा उजेड तोच, शर्ट पांढरा तोच, चेहरा तोच. बदलायचा तो फक्त कॅमेरा.

चेहरा अर्थात ह्यांचा. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून हे स्वयंपाकघरातल्या त्या खिडकीशीच बसून लोकांचे बंद पडलेले रेडिओ जिवंत करत असतात. आयतं मॉडेल.

"हसू का?"

"नको. नेहमीसारखे बसा."

"हेच नेहमीसारखं आहे."

फोटो धारदार आला. पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा असा. फक्त त्वचेला किंचित पिवळी झाक आहे. अगदी किंचित, दुसऱ्या कुणाला दिसायची नाही. मला दिसली. इतका महागडा कॅमेरा आणि माणसाच्या कातडीचा रंग येत नाही म्हणजे काय! थोरला परत.

१२ फेब्रुवारी

ह्यांचं काहीतरी बिनसलं आहे. ताट अर्धं तसंच सरकवलं. विचारलं तर "भूक नाही." परवाही तेच. कॅमेऱ्याचं मनातून पटलेलं दिसत नाही, आणि पटत नाही हे सांगणार नाहीत. तोंडाला कुलूप लावून उपास करणार. मी अशी दादच देत नाही. आजवर लेकीचं शिक्षण, सासूबाईंचं आजारपण, घराचं छप्पर, सगळं झालं. आता एक गोष्ट मी माझ्यासाठी घेतली तर एवढं मनाला लावून घ्यायला काय झालं?

१६ फेब्रुवारी

मधला आला. हातात छान बसतो, बोटं जिथे हवीत तिथे बटणं आहेत. पाऊसपाण्यालाही दाद देत नाही म्हणे. शटरचा आवाज इतका मऊ की समोरच्याला कळूही नये.

पण समोरचा माणूस स्वस्थ बसेल तर ना! सारखे हात खाजवत होते. मग पाठ. मग पोटऱ्या.

"अहो, हलू नका हो. फोटो हलतोय."

"खाज येते गं. साबण बदललास का?"

"साबण तोच आहे. तुमचं लक्ष नाही, एवढंच."

मग बसले. दोन्ही हात मांडीखाली दाबून शाळेतल्या मुलासारखे बसले. मला हसू आलं आणि रागही आला.

फोटोत पुन्हा पिवळं. थोरल्यापेक्षा जास्तच. डोळ्यांच्या पांढऱ्यातसुद्धा आहे, म्हणजे पांढऱ्याला पांढरं दाखवणाऱ्या व्हाइट बॅलन्सची पूर्ण बोंब. शर्ट मात्र पांढराशुभ्र, हे कोडं काही सुटेना. क्लबात पिक्सेलरावांना विचारलं. ते आमचे अध्यक्ष. कुठलाही फोटो दाखवला की आधी पिक्सेल किती ते विचारतात, म्हणून हे नाव. म्हणाले, "बाई, हल्ली सगळ्या कंपन्या त्वचा मुद्दाम उबदार दाखवतात. लोकांना आवडतं." मला नाही आवडत. मधलाही परत.

२० फेब्रुवारी

रात्रीच्या जेवणाच्या वेळी लेकीचा व्हिडिओ कॉल आला. म्हणाली, "बाबा, किती पिवळे दिसताय!"

मी म्हटलं, "तुझ्या फोनचा कॅमेरा भिकार आहे. शिवाय आपल्या जेवणघरातला दिवा पिवळा. मला विचार, मी पंधरा दिवस ह्याच भानगडीत आहे."

"वाळलेत पण."

"ते त्यांना विचार. माझ्यावर रागावून जेवत नाहीत."

ह्यांनी फोन हातात घेतला आणि म्हणाले, "तुझी आई मला सध्या बारकाईने बघतेय. इतकं तर लग्नाच्या आधीही बघितलं नव्हतं." लेक हसली. मीही हसले, पण टोमणा आहे हे मला कळलं.

२३ फेब्रुवारी

धाकटा. हलका, बुटका, दिसायला खेळण्यासारखा. माझी जुनी पोर्ट्रेटची लेन्स त्याला बसते हा मोठा गुण. फोकस थोडा चाचपडतो. पण मला आता फोकसशी घेणं नाही. मला रंग बघायचा होता.

ह्याच्यात सगळ्यात जास्त पिवळं आलं.

तीन कंपन्या, तीन सेन्सर आणि तिन्हींचा दोष एकच? छापखान्यात तीन मशीनवर एकच चूक आली तर मी मशीनला दोष देत नाही, मुळाकडे जाते. इथे मूळ म्हणजे खिडकी. बाहेर समोरच्या इमारतीला नवा रंग दिला आहे, फिकट पिवळा. तिथून उजेड उसळून आत येत असणार! इतकी साधी गोष्ट आणि मी कॅमेऱ्यांवर खापर फोडत बसले. जिवाला बरं वाटलं.

२ मार्च

खिडकीचा जुना पडदा काढून टाकला, पांढरी चादर लावली. भिंतीला पांढरा पुठ्ठा टेकवला. ह्यांनी हे सगळं खुर्चीत बसून बघितलं. पूर्वी मी शिडीवर चढले की ओरडत धावत यायचे आणि मला खाली उतरवून स्वतः चढायचे. आज बसून राहिले. म्हणाले, "दमायला होतं गं बसल्या बसल्या."

मी चादर ताणत राहिले. बोलले असते तर भांडणच झालं असतं.

धाकटा पुन्हा मागून आणला होता, फोटो तसाच. चादर पांढरी, पुठ्ठा पांढरा, शर्ट पांढरा, चेहरा पिवळा. मी शेवटी रडले. कॅमेऱ्यासाठी रडणारी बाई म्हणून स्वतःचीच लाजही वाटली. ह्यांनी उठून माझ्या डोक्यावर हात ठेवला. "होईल गं. उद्या पुन्हा बसतो." मग मला वाटलं की रागावलेला माणूस असं करत नाही. मग जेवत का नाहीत?

९ मार्च

आज भांडण झालंच. मी त्यांच्यासाठी मुद्दाम आवडीचं केलं होतं, तर वासानेच उठून बाहेर गेले. मी मागोमाग गेले आणि तोंडाला येईल ते बोलले. कॅमेरा नको असेल तर तसं स्पष्ट सांगा, मी उद्या नाही म्हणून येते, पण हा छळ नको.

हे पायरीवर बसले होते. म्हणाले, "मला तर वाटतं, तू आधीच घ्यायला हवा होतास. मी सांगायला हवं होतं तुला."

"मग हे काय चाललंय?"

"काही नाही. वय झालं."

त्यांचा पट्टा दोन भोकं आत गेलेला दिसला. त्यांनी खिळ्याने नवी भोकं पाडली आहेत. मी विचारलं तर म्हणाले, पोट कमी झालं, चांगलंच आहे ना? डॉक्टरही पोट कमी करा असंच सांगतात, म्हणून मीही विषय सोडला.

१६ मार्च

फोटो द्यायची तारीख जवळ आली म्हणून आज ठाण मांडून बसले. थोरला पुन्हा आणला होता, त्याच्यावर काढलेला एक फोटो सुंदर आला आहे. हे खिडकीकडे बघताहेत, हातात रेडिओचं झाकण, चेहऱ्यावर असं काहीतरी की मी स्वतःच बराच वेळ बघत राहिले. कशाकडे बघत होते कोण जाणे. फक्त तो रंग!

संगणकावर डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टिचकी मारली आणि सांगितलं, हे पांढरं समज. लगेच चेहरा ताजातवाना झाला, पण शर्ट निळा पडला, चादर निळी पडली. म्हणून मग नुसता चेहरा, मान आणि हात वेगळे कापून घेतले आणि तेवढ्यातलंच पिवळं काढलं. थोडा लाल दिला. डोळे पांढरे केले. दोन तास गेले. पण काय दिसायला लागले! दहा वर्षांनी लहान. ह्यांना बोलावून दाखवलं.

"हा मी?"

"मग कोण?"

"बरा दिसतोय की," म्हणाले आणि बराच वेळ उभे राहून बघत होते.

२२ मार्च

फोटो निवडला गेला!! पिक्सेलराव स्वतः फोन करून म्हणाले, "बाई, त्वचेचा रंग काय साधलाय!" मी हवेत. ह्यांना सांगितलं तर त्यांनी टाळी दिली. हाताला ताप नव्हता, पण हात किती हलका लागला.

२९ मार्च

उशीर झालाय, पण लिहिते. नाही लिहिलं तर झोप यायची नाही.

प्रदर्शनाचा हॉल मोठा, वर स्वच्छ पांढरे दिवे, अगदी आमच्या तपासणीच्या टेबलावर असतात तसे. माझा फोटो मधल्या भिंतीवर. लोक थांबून बघत होते. पिक्सेलराव म्हणाले, "साहेबांना त्यांच्या फोटोशेजारी उभं करा. आठवण राहील." हे लाजत जाऊन उभे राहिले. प्रदर्शनासाठी पुन्हा मागून आणलेला थोरला मी डोळ्याला लावला.

डावीकडे फोटो, उजवीकडे हे.

रोज दिवसभर मी हेच काम करते. नमुना एका बाजूला, कागद दुसऱ्या बाजूला. माझं डोकं नंतर चालतं, डोळा आधी चालतो, आणि डोळा म्हणाला, जुळत नाही. केसभर नाही, कोसभर. मी कॅमेरा खाली घेतला. कॅमेऱ्याशिवायही तसंच. भिंत पांढरी, शर्ट पांढरा, फोटोचा कागद पांढरा. आणि ह्यांचे डोळे हळदीसारखे पिवळे.

"काय झालं?" ह्यांनी विचारलं. "नीट उभा नाही का?"

मी त्यांचा हात धरला आणि सरळ दवाखान्यात घेऊन आले. मागे पिक्सेलराव काहीतरी हाका मारत होते. रिक्षात बसल्यावर हे हळूच म्हणाले, "लघवी काळ्या चहासारखी होतेय, महिना होऊन गेला. म्हटलं, तुझं प्रदर्शन होऊ दे. ऐन वेळी मॉडेल आजारी पडलं तर कसं चालायचं?"

डॉक्टरांनी विचारलं, कावीळ कधीपासून दिसते आहे? दुसऱ्या कुठल्या बायकोला इतकं अचूक सांगता आलं नसतं. कुठल्या आठवड्यात किती पिवळं, सगळं मला माहीत. मी ते सगळं बघितलं होतं. बघितलं आणि पुसून टाकलं.

४ एप्रिल

स्कॅन झाला. पित्ताची नळी बाहेरून दाबली गेली आहे. स्वादुपिंडाशी गाठ आहे. लेक आली. घरात पाऊल टाकताच तिने बाबांना बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं. "आई, मी सांगितलं होतं," असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

९ एप्रिल

सर्जननी आम्हा दोघींना बाहेर बोलावलं. गाठ मोठ्या रक्तवाहिनीला चिकटून आहे. काढता येणार नाही. आत्ता नळीत एक बारीक जाळीची नळी घालतील, म्हणजे पित्त वाहायला लागेल, कावीळ उतरेल, खाज जाईल, भूक लागेल. नंतर औषधं. औषधांनी काही महिने वाढतील.

मी विचारलं, "दोन महिने आधी आणलं असतं तर?"

ते म्हणाले, "कदाचित तेव्हाही असंच असतं. सांगता येत नाही." चांगला माणूस आहे. पण तो 'कदाचित' मला गिळताही येत नाही आणि थुंकताही येत नाही.

लेक म्हणते, "बाबांना सांगायचं नाही. ते हाय खातील. थोडे दिवस तरी आनंदात जाऊ देत." मी मानेनेच हो म्हटलं.

२१ एप्रिल

हे घरी आले आहेत आणि दिवसेंदिवस सुधारत आहेत. डोळे पांढरे व्हायला लागले. दोन वेळा मागून जेवले. शेजारीण म्हणाली, "किती छान दिसताहेत! बाई, सुटलात एकदाच्या." पिक्सेलराव फुलं घेऊन आले. म्हणाले, "रंग काय उजळलाय! अगदी तुमच्या फोटोतल्यासारखे दिसायला लागलेत."

मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं आणि तिथेच उभी राहिले. खरंच तसेच दिसताहेत. नुसता रंग काढला की माणूस किती बरा दिसतो, हे माझ्याइतकं कुणाला कळणार? मी संगणकावर दोन तास बसून केलं, त्यांनी नळी घालून केलं. आत जे आहे ते आतच आहे.

हे आता खुशीत असतात. साचलेले रेडिओ काढून बसले. पुढच्या वर्षी समुद्रावर जाऊ म्हणतात, तू नव्या कॅमेऱ्याने फोटो काढ, मी वाळूत झोपतो. मी "हो, हो" म्हणते. प्रत्येक "हो"बरोबर मला वाटतं, मी पुन्हा तेच करते आहे. त्यांचा चेहरा कापून घेऊन रंग बदलते आहे.

२५ एप्रिल

लेकीशी वाद झाला. मी म्हटलं, मी सांगणार. ती म्हणाली, "तुझं मन हलकं व्हावं म्हणून त्यांना सांगतेस." तसंही असेल. रात्रभर विचार केला. पण आयुष्य त्यांचं, शरीर त्यांचं, उरलेले दिवस त्यांचे. आणि दोन महिने त्यांनी एकट्याने सगळं सोसलं, माझ्या फोटोसाठी. आता मीही गप्प बसले तर आम्ही दोघं एका घरात राहून एकमेकांना नुसते चांगले दिसत बसू.

२७ एप्रिल

सांगितलं.

सकाळी, खिडकीशी. लेक बाजारात गेली होती. मी स्टूल ओढून समोर बसले. आधी फोटोचं सांगितलं, की मला पिवळं पहिल्या दिवसापासून दिसत होतं. मग गाठीचं. काढता येत नाही, हे सांगितलं. 'काही महिने' हे शब्दही उच्चारले. रडायचं नाही असं ठरवलं होतं, ते जमलं नाही.

हे ऐकत होते. हातात रेडिओच्या तारा जोडायची सोल्डरिंगची गरम डागणी तशीच धरलेली, तिच्या टोकातून धूर निघत होता. मी ती काढून घेऊन बाजूला ठेवली. ते खिडकीबाहेर बघत राहिले, आणि माझ्या लक्षात आलं की हा चेहरा मी आधी बघितलेला आहे. भिंतीवर लावला होता. तेव्हाच त्यांना काहीतरी उमगलं असावं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"अंदाज होता," ते म्हणाले. "तुम्ही दोघी इतक्या गोड बोलायला लागलात, तेव्हा खात्री झाली."

मला हुंदका आवरेना. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला, बराच वेळ चोळत राहिले, जणू मलाच थंडी वाजत होती. मग म्हणाले, "एक कर. तो कॅमेरा कुठला घ्यायचा, ते आता लवकर ठरव. घेऊन जायचं आणि परत द्यायचं, असं करत बसायला वेळ नाही."

२८ एप्रिल

धाकटा घेतला. हलका आहे, दवाखान्याच्या पिशवीत मावतो. बाकी काही तपासलं नाही.